रोल प्लेचे व्हिडिओ काढावेत का, आणि काढले तर ते बघायचे कसे?

प्रश्न : नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते, कुटुंब समुपदेशनाचं. दारू, नवरा-बायकोची भांडणं, वयात आलेल्या मुलांचे प्रश्न, असं सगळं येतं आमच्याकडे. माझं बीएड झालंय, नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा केला आणि आता १२ नव्या कार्यकर्त्यांना तयार करायची जबाबदारी माझ्यावर आहे. थिअरी त्यांना येते, पेपरात मार्कही चांगले पडलेत, पण समोर माणूस बसला की सगळे सल्लेच द्यायला लागतात. म्हणून मी मोबाईलवर सगळ्यांचे रोल प्ले (एकाने समुपदेशक व्हायचं, एकाने क्लायंट) शूट केले, प्रत्येकी २०-२५ मिनिटांचे, आणि शनिवारी हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावले. तिसऱ्याच व्हिडिओला सगळे हसायला लागले, जिचा व्हिडिओ होता ती मुलगी रडत बाहेर गेली ती परत आलीच नाही. बाकीचे आता म्हणतात व्हिडिओ नकोच. आणि आमचे एक ट्रस्टी म्हणतात रोल प्ले म्हणजे नुसतं नाटक, खऱ्या केसेस रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, सगळे शिकतील. मला काही सुचत नाहीये. व्हिडिओ बंद करू का? — एक प्रशिक्षक

उत्तर :

ताई, व्हिडिओ बंद करू नका. पण त्याच्याही आधी एक काम करा, त्या मुलीला फोन करा. मेसेज नको, फोनच करा, आणि जमलं तर घरी जाऊन या. तिला सांगा की तुझं काही चुकलं नव्हतं, दाखवायची पद्धत चुकली, आणि तो व्हिडिओ तिला तिच्या हातानेच डिलीट करू द्या, मोबाईलमधून, लॅपटॉपमधून, गुगल फोटोजमध्ये आपोआप बॅकअप गेला असेल तर तिथूनही, आणि डिलीट केल्यावर ट्रॅशमध्ये पडून राहतो तोही. परत ये म्हणून त्याच दिवशी आग्रह धरू नका. ती काय म्हणते ते ऐकून घ्या फक्त. आणि शनिवारी बाकीच्या ११ जणांसमोरही हे उघड बोला, कारण ते त्या दिवशी हॉलमध्ये एक गोष्ट पक्की शिकलेत, की इथे चुकलं तर हसं होतं, आणि हे डोक्यात बसलेला माणूस रोल प्लेमध्येसुद्धा जपून, पाठ केल्यासारखं बोलतो, मग त्याचा कितीही चांगला व्हिडिओ काढा, त्यात त्याचं खरं काम दिसणारच नाही.

आता हॉलमध्ये जे झालं ते का झालं ते बघूया. माणूस स्वतःचा व्हिडिओ पहिल्यांदा बघतो ना, तेव्हा तो समुपदेशन बघतच नाही, तो स्वतःचं पोट बघतो, केस बघतो, ओढणी कशी घेतलीय, मान किती हलतेय, आणि 'शी, माझा आवाज असा आहे?' हे तर प्रत्येकाला वाटतंच. आवाजाचं कारण साधं आहे, एरवी आपला आवाज आपण कानाने ऐकतो आणि डोक्याच्या हाडांमधूनही ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये तो हाडांमधला भाग नसतो म्हणून आवाज पातळ आणि परका लागतो. हा पहिला धक्का एकट्याने पचवायचा असतो. म्हणून नियमच करून टाका की स्वतःचा व्हिडिओ पहिल्यांदा ज्याचा त्याने एकट्याने बघायचा, हेडफोन लावून, शेजारी कोणी नाही, काही लिहायचं नाही, कोणाला काही सांगायचंही नाही. दुसऱ्यांदा बघताना नजर आपोआप कामावर जाते. त्या मुलीला तो पहिला धक्का सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर बसला, आणि वर लोक हसले.

एवढा त्रास आहे तर व्हिडिओ हवाच कशाला, असं तुमचे लोक विचारतील, आणि विचारायलाच पाहिजे. त्यांना सांगा की सेशनमध्ये आपण काय बोललो ते आपल्याला नंतर आठवत नाही, काय बोलायचं होतं ते आठवतं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव तुमच्या डिप्लोमात आलंच असेल. त्यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत सेशन्स रेकॉर्ड करायला सुरुवात केली, तेव्हा टेपरेकॉर्डरसुद्धा हाताशी नव्हता, ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर रेकॉर्डिंग व्हायचं आणि तबकडी काही मिनिटांत भरली की बदलायची. एवढा खटाटोप करून त्यांनी एका क्लायंटची सगळीच्या सगळी ८ सेशन्स शब्दन्‌शब्द १९४२ च्या पुस्तकात छापली. आणि शिकणाऱ्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकल्यावर काय दिसलं, तर जे मनापासून म्हणत होते की आम्ही क्लायंटवर काही लादत नाही, तेच सारखे प्रश्न विचारत होते, सुचवत होते, त्याला आपल्याला हव्या त्या दिशेला ढकलत होते, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुमच्या १२ जणांचं जे चाललंय ते अगदी हेच आहे, त्यामुळे तुमची बॅच काही वेगळी किंवा कच्ची आहे असं मनात आणू नका.

आणि हे फक्त नवख्यांचं नाही बरं का. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या १२९ अनुभवी थेरपिस्ट वगैरे मंडळींना विचारलं की तुमच्या क्षेत्रातल्या बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, तर एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही आणि पाव लोकांनी स्वतःला सगळ्यात वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. लबाडी करत नव्हती ही माणसं. आतून खरंच तसं वाटतं, म्हणून तर बाहेरून बघायला काहीतरी लागतं.

आता पद्धत. ताई, तुम्ही बीएड केलंय ना, मग तुम्हाला ती आधीपासून येते! सूक्ष्म अध्यापनाचे पाठ आठवा. एका वेळी एकच कौशल्य, प्रश्न विचारण्याचं नाहीतर प्रबलनाचं, म्हणजे शाबासकी देण्याचं, नाहीतर फलकलेखनाचं, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी होऊन बसलेले, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, परत ६ मिनिटं पाठ आणि परत ६ मिनिटं प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र, जे एनसीईआरटीने आपल्याकडच्या कॉलेजांना झेपेल असं बसवलं. ते मूळचं स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतलं, १९६३ च्या आसपासचं. तीच कल्पना अॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडोमध्ये समुपदेशनाला लावली आणि १९६८ साली त्यावर लेख लिहिला, मायक्रोकाउन्सेलिंग या नावाने. पाच मिनिटांची मुलाखत व्हिडिओवर घ्यायची, मग त्या एका कौशल्याबद्दल थोडं वाचायचं, ते कौशल्य नीट वापरलेला नमुन्याचा व्हिडिओ बघायचा, मग स्वतःचा बघायचा, आणि लगेच परत मुलाखत घ्यायची. परत घ्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुमच्या शनिवारच्या हॉलमध्ये नेमकं हेच नव्हतं. व्हिडिओ दाखवला, चुका काढल्या आणि सगळे घरी गेले, म्हणजे माणूस चूक घेऊन घरी गेला, ती सुधारल्याचा अनुभव त्याला मिळालाच नाही.

त्यामुळे २०-२५ मिनिटांचं शूटिंग सोडून द्या. ५-६ मिनिटं पुरे. आणि त्यातलंही सगळं बघायचं नाही, थर्ड अंपायर कुठे पूर्ण मॅच बघत बसतो, तो तेवढा एक बॉल मागे-पुढे करून बघतो, तसा एखादा अर्ध्या मिनिटाचा तुकडा धरायचा.

तुकडा म्हणजे कसा ते सांगते. समजा क्लायंट झालेली कार्यकर्ती म्हणते, 'काल रात्री परत पिऊन आले. पोरं जागीच होती.' आणि समुपदेशक विचारते, 'मग तुम्ही सासूबाईंशी बोललात का याबद्दल?' कागदावर लिहिलं तर हा प्रश्न वाईट नाहीये, सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी माणसाला आपलं काम दाखवताना, तिने तोंडी सांगितलं असतं तर मीही मान डोलावली असती. आता व्हिडिओ बघा. 'पोरं जागीच होती' म्हणताना क्लायंटचा आवाज एकदम खाली गेला, नजर मांडीवर गेली आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. आणि समुपदेशक त्या क्षणी कुठे बघत होती? वहीत. 'दारू, किती वर्षं' असं काहीतरी लिहीत होती. प्रश्न कानावर पडल्यावर क्लायंटने मान वर केली, पदर सोडला, 'हो, बोलले ना, त्यांचं काय' असं म्हटलं आणि पुढची तीन मिनिटं सासूबाईंवर गेली. पोरांचं राहूनच गेलं.

हे जिचं तिला दाखवलं की बहुतेक वेळा काही बोलावंच लागत नाही. ती स्वतःच म्हणते, अगं मी बघितलंच नाही तिच्याकडे. मग लगेच तोच तुकडा परत करायचा, तीच दोन वाक्यं, आणि यावेळी वही बाजूला, थोडं थांबून फक्त एवढंच म्हणायचं, 'पोरांनी सगळं बघितलं, ते जास्त लागलंय तुम्हाला.' प्रश्न नाही, सल्ला नाही. आणि बघा क्लायंट झालेली काय बोलते ते. ती नाटक करत असली तरी तिच्या तोंडून काहीतरी खरं निघतं, 'मोठा माझ्याकडे बघत होता हो' असं काहीतरी, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळतं की आत्ता काहीतरी उघडलं. हे शिकवून समजत नाही, पहिला आणि दुसरा तुकडा पाठोपाठ लावून बघितला की समजतं. क्लायंट झालेलीलाही विचारा, पहिल्या वेळी काय वाटलं आणि दुसऱ्या वेळी काय वाटलं, तिचं सांगणं तुमच्या-माझ्या फीडबॅकपेक्षा भारी पडतं.

आपल्याकडची काही वाक्यं तर व्हिडिओशिवाय पकडलीच जात नाहीत, इतकी ती तोंडात बसलेली आहेत. 'काळजी करू नका, सगळं नीट होईल.' 'मी तुमच्या जागी असते तर.' 'संसार म्हटलं की थोडं इकडे-तिकडे व्हायचंच.' हे आपण चांगल्या मनाने म्हणतो, शेजारीण म्हणून म्हणतो, पण मार खाऊन आलेल्या बाईला त्या शेवटच्या वाक्यात 'घरी जा आणि सहन कर' हेच ऐकू येतं. हे वाक्य बोललेल्या माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल मी असं बोललोच नाही. म्हणून ऐकवा.

एक काम मोजायचंही द्या, पण ज्याचं त्याने मोजायचं. पाच मिनिटांचा स्वतःचा व्हिडिओ लावायचा आणि कागदावर दोन रकाने करायचे, आपण प्रश्न विचारला की एका बाजूला रेघ, समोरच्याचं म्हणणं त्याच्या भावनेसकट त्याला परत सांगितलं, म्हणजे रिफ्लेक्शन केलं, की दुसऱ्या बाजूला रेघ. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची इच्छा क्लायंटच्या स्वतःच्या तोंडून बाहेर काढायची पद्धत, वापरणारे लोक सेशन तपासताना हेच बघतात, एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन असेल तर ठीक धरतात आणि दोन असतील तर चांगलं. नवीन माणसाच्या कागदावर प्रश्नांच्या बाजूलाच रेघांची गर्दी होते, होऊ दे. आकडे वर्गात वाचून दाखवायचे नाहीत, फळ्यावर तर अजिबात नाहीत. त्याने पुढच्या आठवड्यात परत मोजायचं आणि स्वतःच्याच जुन्या कागदाशी ताडून बघायचं.

बसणं, नजर, आवाज याबद्दल एक सांगते, कारण परदेशी नमुन्याचे व्हिडिओ बघून आपली मुलं ते तसंच्या तसं उचलतात. आयव्हींच्या यादीत नजरेला नजर देणं पहिलं आहे, पण २४ वर्षांच्या मुलाने गावातल्या नव्या सुनेकडे सलग टक लावून बघितलं तर ती आखडून बसेल, त्यात तिचं काही चूक नाही. आयव्हींनी स्वतःही पुढे संस्कृतीप्रमाणे हे बदलतं यावर खूप भर दिला. तुमच्या व्हिडिओत क्लायंट कधी सैलावतेय आणि कधी आक्रसतेय ते बघा, तिच्या खांद्यांवरून कळतं, आणि त्यावरून नजर किती द्यायची ते ठरवा. खरं सांगायचं तर मराठीतले, आपल्या घरातले प्रश्न असलेले नमुन्याचे व्हिडिओ तुम्ही स्वतःच दोन-चार करून ठेवा, एकात मुद्दाम चुकीचं केलेलं आणि एकात बरोबर, आणि चुकीचं करणारी समुपदेशक तुम्ही स्वतः व्हा. पुढच्या शनिवारची सुरुवात त्यानेच करा. पहिला फीडबॅक तुमच्या व्हिडिओवर येऊ दे.

आता ज्यांना भीती बसलीय त्यांच्यासाठी एक पद्धत, ती मला सगळ्यात जवळची आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत नॉर्मन केगन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही शोधली, इंटरपर्सनल प्रोसेस रिकॉल म्हणतात तिला. यात पॉजचं बटण ज्याचा व्हिडिओ आहे त्याच्या हातात असतं. दुसऱ्या कोणाच्या नाही. त्याला जिथे काही आठवेल तिथे तो थांबवतो, आणि शेजारी बसलेला माणूस फक्त विचारतो. तेव्हा मनात काय चाललं होतं? काय म्हणावंसं वाटलं होतं पण म्हटलं नाहीस? समोरच्याला तुझ्याबद्दल काय वाटत असेल असं वाटलं? त्याच्याकडून तुला काय हवं होतं? बस. चूक दाखवायची नाही, असं करायला हवं होतं म्हणायचं नाही, कौतुकसुद्धा करायचं नाही. यात निघणाऱ्या गोष्टी ऐकल्यात तर तुम्हाला कळेल सगळे सल्ले का देतात ते. 'ती रडायला लागली आणि मला वाटलं आता माझ्याच्याने हे सांभाळलं जाणार नाही, म्हणून मी पटकन काहीतरी उपाय सांगून टाकला.' हे एकदा माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलं ना, की सल्ल्याची सवय सुटायला सुरुवात होते, कारण मूळ अडचण अज्ञानाची नव्हतीच, घाबरण्याची होती, आणि भीतीवर लेक्चर देऊन उपयोग नसतो.

ती मुलगी परत आली तर तिच्याबरोबर हीच पद्धत वापरा, तुम्ही दोघीच, नवीन व्हिडिओवर, बटण तिच्या हातात.

ग्रुपमध्ये बघायचंच असेल तर तिघांचा गट करा, १२ जणांचा नको. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक बघणारा, आणि दर फेरीला जागा बदलायच्या म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येकाला दिसतं आणि हसायची हिंमत कोणाची होत नाही. आधी ज्याचा व्हिडिओ आहे तो बोलणार, मग क्लायंट झालेला, मग बघणारा, आणि बघणाऱ्याने 'छान होतं' किंवा 'आवडलं नाही' असं नाही म्हणायचं, काय दिसलं ते सांगायचं, 'तिने पदर गुंडाळला तेव्हा तू लिहीत होतीस' असं.

आणि हे एका कार्यशाळेत उरकणार नाही याची तयारी ठेवा, ट्रस्टींनाही सांगून ठेवा. २००४ साली विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शिकणाऱ्या १४० लोकांचे वेगवेगळे गट करून पाहिलं, तर नुसती कार्यशाळा झालेल्यांचं शिकलेलं काही महिन्यांत ओसरायला लागलं, आणि ज्यांना नंतर त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर फीडबॅक किंवा थोडं थोडं कोचिंग मिळत राहिलं त्यांचं टिकलं. त्यामुळे तीन दिवसांचं शिबिर घेण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी दोन तास ठेवा, वर्षभर.

तज्ज्ञ कुठून आणायचा दर पंधरा दिवसांनी, असं म्हणाल. याचं उत्तर गोव्यात मिळालंय. संगथ या संस्थेने तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या स्थानिक मुलामुलींना तयार करून डिप्रेशन आणि दारूच्या त्रासावर समुपदेशन करवून घेतलं, मानसिक आरोग्याचं आधी प्रशिक्षण नसलेली मुलं ही. त्यांच्या सेशन्सचं ऑडिओ रेकॉर्डिंग करून ते गटात ऐकायचे आणि एका ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे, सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर असायचे आणि मग गट स्वतः चालवायचा, आणि २०१४ साली त्यांनी दाखवलं की सरावाने या मुलांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बरेच जुळायला लागतात. हीच मुलं पुढे जेव्हा ६ ते ८ सेशन्सचा डिप्रेशनचा उपचार द्यायला लागली तेव्हा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के पेशंट्सचं डिप्रेशन उतरलेलं होतं आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांचं. आपल्या शेजारी झालंय हे, कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांत. तुमच्या १२ जणांनाही जमेल, वर्षातून दोन-तीनदा बाहेरचा अनुभवी माणूस बोलवून आपले गुण त्याच्याशी ताडून बघितले तरी पुष्कळ.

मोबाईलचं थोडक्यात. आवाज स्वच्छ हवा, चित्र थोडं अंधुक असलं तरी चालतं, त्यामुळे पंखा बंद करा किंवा फोन पंख्यापासून लांब ठेवा आणि जमलं तर कॉलरचा साधा माइक घ्या. फोन आडवा, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला, आणि दोघंही हातांसकट दिसतील असा बाजूने, कारण नुसता समुपदेशकाचा चेहरा घेतला तर तो पदराचा भाग जातो. एअरप्लेन मोड चालू, बॅकअप बंद. संस्थेचा एक वेगळा फोन असेल तर फारच उत्तम.

राहता राहिले तुमचे ट्रस्टी. त्यांचं म्हणणं दोन भागांत आहे आणि दोन्हीला वेगळं उत्तर आहे. रोल प्ले म्हणजे नाटक, हे त्यांना आदराने पण स्पष्ट सांगा की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून इक्विप नावाचा जो मोफत ऑनलाइन कार्यक्रम काढलाय, त्यात समुपदेशकाची तयारी रोल प्लेवरच तपासतात. त्यातलं मला फार पटलेलं म्हणजे त्यांची पहिली पायरी, आधी हे बघतात की या माणसाच्या बोलण्याने समोरच्याचं नुकसान तर होत नाहीये ना, टोमणा, दोष देणं, धर्म-जात काढणं, खोटी हमी, आणि ते असेल तर बाकी कितीही छान असलं तरी सर्वात खालची पातळी. आता हे तपासायला खऱ्या बाईला समोर बसवायचं का? नुकसान करून बघायचं का आधी? चुका करायच्या त्या रोल प्लेमध्येच.

दुसरा भाग, खऱ्या केसेस आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. ग्रुपवर अजिबात नाही, क्लायंटने हो म्हटलं तरी नाही. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ प्रत्येकाच्या गॅलरीत उतरतो, तिथून बॅकअपला जातो, घरातलं पोर गेम खेळताना उघडतं, आणि तालुक्याच्या गावात चेहरा झाकून भागत नाही हो, आवाजावरून, गावाच्या उल्लेखावरून, 'दीर एसटीत आहेत' एवढ्यावरूनही लोक ओळखतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचं आहे आणि कलम २४ मध्ये डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही ती लागू आहे असं स्पष्ट लिहिलंय. तुमची संस्था त्या कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही यावर ट्रस्टी वाद घालतील, घालू दे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही हेच म्हणतो की संमती नेमक्या कारणासाठीच घ्यायची, ती कधीही मागे घेता आली पाहिजे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ग्लोरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी तीन नामवंत थेरपिस्टबरोबर कॅमेऱ्यासमोर सेशन केलं, रॉजर्स त्यातलेच एक, ते शिकवण्यासाठी म्हणून शूट झालं होतं, आणि पुढे ते टीव्हीवर दाखवलं गेलं. त्या बाईंनी याची कल्पनाही केली नव्हती. एकदा चित्र बाहेर गेलं की ते परत आणता येत नाही.

माझं मत असं आहे की शिकण्यासाठी व्हिडिओ रोल प्लेचा, आणि खऱ्या सेशनचं काही हवंच असेल तर फक्त ऑडिओ, तेही समुपदेशक चार-सहा महिने मुरल्यावर. गोव्यात ऑडिओवरच सगळं भागलं. मारहाणीच्या केसेस, कोर्टात जाऊ शकतील अशा केसेस, लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस, यांचं कसलंच रेकॉर्डिंग नको, मागितलं तरी नको.

संमतीचा कागद एका पानाचा करा, मराठीत, कोर्टाच्या भाषेत नाही. कशासाठी रेकॉर्ड करतोय, कोण ऐकणार त्यांची नावं, कुठे ठेवणार, किती दिवसांनी पुसणार आणि कोण पुसणार, एवढं त्यात हवं. ३० दिवस पुरेसे आहेत, पुसल्यावर वहीत तारीख आणि सही. आणि क्लायंटला तो कागद सेशनच्या आधी वाचून दाखवा, नुसता पुढे करू नका, कारण आपल्याकडे बाया समोर कागद आला की सही करून मोकळ्या होतात, नाही म्हटलं तर मदत मिळणार नाही या भीतीने. म्हणून सही घेणारी व्यक्ती समुपदेशक नको, दुसरी कोणीतरी हवी, आणि तिने तोंडाने सांगायचं की तुम्ही नाही म्हणालात तरी आजचं सेशन होणारच आहे, पुढचंही होणार आहे. सेशन संपल्यावर परत एकदा विचारा, ठेवू का पुसू, कारण एक तास मन मोकळं केल्यावर माणसाचं मत बदललेलं असू शकतं, आणि पुसा म्हणाली तर तिच्या समोरच पुसा.